विमान गॅरेजात झालं, इंजिनाचं काय?



आजचा भाग एका पत्रामुळे झाला. अल्बर्टातल्या एका वहिनींनी ते पाठवलंय. नाव सांगू नका म्हणाल्यात, म्हणून सांगत नाही. त्यांचे यजमान गेली चार वर्षं गॅरेजमध्ये दोन जणांचं छोटं विमान बांधतायत. गाडी चारही हिवाळे बाहेर बर्फात उभी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पंख झाले, शेपूट झाली, सांगाडा चाकांवर उभा राहिला. आता राहिलंय इंजिन. यजमानांना किजिजीवर मोटारीचं एक इंजिन दिसलंय, सुबारूचं, ८०० डॉलरला. वहिनी विचारतात, "विमानाचं नवं इंजिन वीस-पंचवीस हजारांचं असतं म्हणे. मग हे ८०० मध्ये कसं होतं? खरंच होतं का? आणि झालं तर मी त्या विमानात बसू का?"

तिन्ही प्रश्न बरोबर आहेत, आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा.

घरी विमान बांधणं हा वेडेपणा आहे असं समजू नका. कॅप्टन अमोल यादव तुम्हाला आठवत असतील. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, २०१६च्या फेब्रुवारीत ते मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि त्याची सरकारदरबारी नोंदणी व्हायला २०१७चा नोव्हेंबर उजाडला. तिथे अडचण होती ती नियमांची. आपल्या इथे कॅनडात नियमांची वाट मळलेली आहे. ऑन्टारिओतल्या गॉडरिच गावी कीथ हॉपकिन्सन यांनी १९५५ साली घरी बांधलेलं 'लिटल होकी' हे छोटं विमान आज ओटावाच्या विमान संग्रहालयात आहे. तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. आज तुम्ही आधी विमान बांधण्याचा इरादा कळवता, अर्ध्याहून अधिक काम स्वतः करता, सांगाडा झाकण्याआधी आणि शेवटी असे तपासनीस येऊन बघून जातात. त्यांना एमडी-आरए म्हणतात, ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या वतीने ते ही तपासणी करतात. सगळं ठीक असेल तर उडण्याचं खास प्रमाणपत्र मिळतं. विमानात एक पाटी मात्र लावावी लागते की हे विमान आंतरराष्ट्रीय मानकांनुसार प्रमाणित नाही. वहिनी, तुम्ही बसाल तेव्हा ती तुमच्या डोळ्यांसमोर असेल.

आता गंमत ऐका. या सगळ्या नियमांत इंजिन प्रमाणितच हवं अशी सक्ती नाही. मोटारीचं लावा, स्नोमोबिलचं लावा, स्वतः घडवून लावा. हे स्वातंत्र्य मोठं आहे, पण त्याचा अर्थ असा की इंजिन चांगलं की वाईट हे ठरवणारा दुसरा कुणी नाही.

(मंडळाच्या कार्यक्रमात विमानाचा विषय निघाला की कुणीतरी काका तळपद्यांचं नाव काढतातच. १८९५ साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपद्यांनी विमान उडवलं, तेही पाऱ्यावर चालणाऱ्या इंजिनाने. कथा छान आहे, पण ठोस पुरावा आजवर पुढे आलेला नाही. मला त्यात रस एवढ्याचसाठी की कथेतसुद्धा इंजिनाचाच प्रश्न सोडवावा लागला.)

आणि तो प्रश्न खरोखरच जुना आहे. व्हिक्टोरियात विल्यम वॉलेस गिब्सन नावाचे गृहस्थ होते. ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी स्वतः बांधलेलं विमान उडवलं. इंजिनासकट सगळं कॅनडात घडलेलं हे पहिलं विमान मानतात. इंजिन सहा सिलिंडरांचं, हवेने थंड होणारं, त्यांच्याच आराखड्याचं. विकत घेण्यासारखं हलकं इंजिन जवळपास नव्हतं, म्हणून बिचाऱ्यांनी तेही बनवलं. पुढे १९२९ च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटनपोल यांनी लाकडी विमानाला फोर्ड मॉडेल-ए मोटारीचं इंजिन लावलं आणि ते छान उडालं. त्यांच्या आराखड्यावरून आजही लोक विमानं बांधतात.

मग इथेच थांबून विचारू या: पीटनपोलना १९२९ साली जमलं, तर आज ८०० डॉलरच्या सुबारूला का अडचण यावी?

उत्तर इंजिन किती वेगाने फिरतं यात आहे. थोडं गणित करू, चौथी-पाचवीतलं आहे. लहान विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, टोकापासून टोकापर्यंत साधारण १.८ मीटर असतो. त्याचं टोक एका फेऱ्यात सुमारे ५.६५ मीटर अंतर कापतं. विमानाचं जुन्या घाटाचं इंजिन मिनिटाला २,७०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ४५. टोकाचा वेग झाला सेकंदाला २५४ मीटर. आवाजाचा वेग साध्या हवेत सेकंदाला ३४० मीटर. म्हणजे आपण त्याच्या खाली आहोत, छान. आता मोटारीचं आजचं इंजिन घ्या. ते आपली खरी ताकद ५,५०० फेऱ्यांना देतं. तेच पातं त्या वेगाने फिरवलं तर टोक जाईल सेकंदाला ५१८ मीटर. आवाजाच्या कितीतरी पुढे. तिथे पातं हवा मागे ढकलत नाही, नुसता कर्कश आवाज करतं आणि ताकद वाया घालवतं. आपल्या थंडीत तर आवाजाचा वेगही कमी होतो, उणे तीसला तो ३१२ मीटरवर येतो. म्हणजे हिवाळ्यात मर्यादा आणखी अलीकडे.

फोर्ड मॉडेल-ए आपली ४० अश्वशक्ती २,२०० फेऱ्यांनाच द्यायची. ते इंजिन मोठं, संथ, म्हशीसारखं. पंखा थेट त्याला जोडता यायचा. सुबारूला ते चालत नाही. मधे गिअर घालून फेरे निम्म्यावर आणावे लागतात. आणि वहिनी, ८०० डॉलरचा हिशेब फिसकटायला सुरुवात होते ती याच गिअरपाशी.

गिअर म्हणजे नुसती दोन दातेरी चाकं नव्हेत. चार सिलिंडरांचं इंजिन ५,५०० फेऱ्यांना सेकंदाला १८० पेक्षा जास्त धक्के देतं. प्रत्येक स्फोटाला दांडा किंचित पिळला जातो आणि परत सुटतो. मोटारीत हे धक्के क्लच, टायर, सगळे मिळून गिळतात. विमानात दुसऱ्या टोकाला जड पंखा असतो, तो लगेच ऐकत नाही. झोपाळ्यावरच्या पोराला तुम्ही बरोबर तालात ढकललंत तर थोड्या जोराने झोका उंच जातो. तसंच इथे. इंजिनाच्या धक्क्यांचा ताल आणि दांडा-पंख्याच्या जोडीचा स्वतःचा ताल एखाद्या वेगाला जुळला, तर पीळ वाढत जातो आणि गिअरचा दात किंवा दांडा तुटतो. बाहेरून काही दिसत नाही. आवाजही कधी फारसा बदलत नाही. मोटारीचं इंजिन लावलेल्या विमानांत पुष्कळदा इंजिन स्वतः नाही बिघडत, बिघडतं ते इंजिन आणि पंखा यांच्या मधलं काम, नाहीतर इंजिनाला पेट्रोल, पाणी आणि वीज पुरवणारं काम. म्हणजे घरी केलेलं काम.

आणखी एक. मोटार महामार्गावर शंभरने जाते तेव्हा इंजिन आपल्या ताकदीच्या पाव हिश्शाच्या आसपास वापरतं. विमानाचं इंजिन उड्डाणाला पूर्ण ताकद देतं आणि नंतर तासन् तास पाऊणेक ताकदीवर चालतं. मोटारीचा क्रँकशाफ्ट फिरण्यासाठी बनवलेला असतो. विमानात पंखा त्याला पुढे ओढतो, वळताना भोवऱ्यासारखा बाजूला रेटतो. ते ओझं घ्यायला वेगळं बेअरिंग लागतं. जुन्या शेवरोले कॉर्व्हेअरचं उदाहरण घ्या. ही गाडी १९६० ते १९६९ निघायची, काही तर आपल्या ऑशवातच जोडल्या गेल्या. तिचं इंजिन सहा सिलिंडरांचं, आडवं, हवेने थंड होणारं, गिअरशिवाय पंखा चालवू शकणारं. बांधणाऱ्यांचं लाडकं. पण जास्त वेगाच्या विमानांत काही क्रँकशाफ्ट मोडले, आणि मग लोकांनी पुढच्या बाजूला पाचवं बेअरिंग घालायला सुरुवात केली. म्हणजे गाडीत पन्नास वर्षं न दिसलेला कमकुवतपणा आकाशात दिसला.

याचा अर्थ मोटारीचं इंजिन नकोच असा घेऊ नका. कॅनडातच सॅस्कॅचेवानमधल्या किंडर्सलीला बनलेलं आरएएफ-२००० हे जायरोप्लेन सुबारूच्याच इंजिनावर उडालं. फोक्सवॅगन बीटलचं इंजिन तर युरोप-अमेरिकेत कितीतरी लहान विमानांत आहे. ते हवेने थंड होतं, हलकं आहे, ३,३०० फेऱ्यांना गिअरशिवाय चालवता येतं. फक्त पंखा छोटा, १.४ मीटरच्या आतला घ्यावा लागतो, आणि छोटा पंखा वेगवान, निमुळत्या विमानाला शोभतो. फ्लोट लावून तळ्यावरून उठणाऱ्या विमानाला तो पुरत नाही. आणि ऐकून गंमत वाटेल, सुझुकीचं जी-१३ घराणं. आपल्या मारुती एस्टीम आणि जिप्सी किंगच्या १.३ लिटर इंजिनाचे हे भाऊबंद. ऑन्टारिओत इंगरसोलला बनलेल्या पॉन्टिॲक फायरफ्लाय आणि जिओ मेट्रोमध्ये याच घराण्याची इंजिनं होती, आणि भंगारातून निघून ती गिअर लावून विमानांत गेली. साताऱ्याच्या घाटात ज्या गाडीतून मामाकडे गेलात, तिच्या चुलत भावाने कुणी तरी आकाशात जातं.

पण हे सगळं जमवणारी माणसं कोण असतात ते पाहा. त्यांना विमान उडवण्यापेक्षा इंजिन खोलण्यात जास्त आनंद असतो. तुमचे यजमान त्यातले असतील तर गोष्ट वेगळी. त्यांना फक्त उडायचं असेल, तर मोटारीचं इंजिन हा स्वस्त रस्ता नव्हे, लांबचा रस्ता आहे.

आता पैशाचं बोलू. इंजिनाची किंमत म्हणजे जाहिरातीतला आकडा नव्हे. पंख्यापासून ते वैमानिकासमोरच्या आगरोधक पत्र्यापर्यंत जे जे बसतं त्या सगळ्याची बेरीज म्हणजे किंमत. सुबारूच्या बाबतीत लिहून काढा: गिअर, त्याला चालणारा पंखा, इंजिन धरणारी चौकट, रेडिएटर आणि त्याला हवा नेणारी वाट, एक्झॉस्ट, दोन पेट्रोल पंप, संगणक, त्याच्या तारा, दुसरी बॅटरी. दुसरी बॅटरी का, तर मोटारीच्या इंजिनाची ठिणगी विजेवर अवलंबून असते. विमानाच्या जुन्या इंजिनात दोन मॅग्नेटो असतात, ती स्वतःची वीज स्वतः करतात, बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहतं. इथे ती सोय तुम्हाला उभी करावी लागते. या यादीत ८०० डॉलर ही सगळ्यात छोटी ओळ ठरते. माल अमेरिकेतून आला तर विनिमय दर आणि सीमेवरचा जीएसटी-एचएसटी वेगळा, अल्बर्टात पाच टक्के, ऑन्टारिओत तेरा.

मग विमानासाठीच बनलेली इंजिनं. नव्यांत सगळ्यांच्या तोंडी नाव रोटॅक्सचं. कारखाना ऑस्ट्रियात, पण मालकी १९७० पासून आपल्या क्वेबेकच्या बॉम्बार्डिए घराण्याकडे, आता व्हालकूरच्या बीआरपीकडे. स्की-डूवाले तेच. म्हणून तर सुरुवातीच्या अल्ट्रालाइट विमानांत स्नोमोबिलची दोन स्ट्रोकची इंजिनं आली. रोटॅक्स ५८२ हे त्यातलं शेवटचं गाजलेलं, ६५ अश्वशक्तीच्या आसपासचं, हलकं आणि वापरलेलं घ्यायला खरंच स्वस्त. पण दर ३०० तासांनी त्याचं ओव्हरहॉल येतं. आणि दोन स्ट्रोकचं इंजिन थंड असताना एकदम पूर्ण ताकद मागितली तर आतला पिस्टन बाहेरच्या सिलिंडरपेक्षा आधी फुगतो आणि जागच्या जागी अडकतो. स्नोमोबिलवर असं झालं तर माणूस शिव्या देत चालत घरी येतो. विमानात पाचशे फुटांवर असं झालं तर हातात एक मिनिटही नसतं. कंपनी स्वतःच पुस्तिकेत लिहिते की हे इंजिन अचानक बंद पडू शकतं, त्या हिशेबानेच उडा.

रोटॅक्स ९१२ मात्र वेगळ्या जातीचं. चार स्ट्रोकचं, १९८९ साली आलं, ८० आणि १०० अश्वशक्तीत मिळतं, २,००० तास चालतं. तेही जोरात फिरतं, ५,८०० पर्यंत, पण गिअर कारखान्यातूनच आत बसवून येतो आणि त्याचे ताल कंपनीने तपासलेले असतात. साधं पेट्रोल चालतं. नवं घ्यायला वीस हजार अमेरिकन डॉलरच्या वर. वहिनी, तुमचा आकडा इथूनच आला असणार. जुन्या घाटाची अमेरिकन इंजिनं, म्हणजे कॉन्टिनेंटल ओ-२०० आणि लायकमिंग ओ-३२०, मोठी, संथ, थेट पंख्याला जोडलेली. नवं लायकमिंग तर पस्तीस-चाळीस हजार अमेरिकन डॉलरच्याही पुढे. पण ही इंजिनं गेल्या साठ-सत्तर वर्षांत ढिगाने बनलीत, आणि फ्लाइंग क्लबांच्या विमानांतून, मोडीत निघालेल्या सेसना-पायपरमधून ती बाजारात येत राहतात. माझ्या मते बहुतेकांसाठी स्वस्त आणि शहाणं इंजिन तिथे आहे: वापरलेलं, मधल्या वयाचं, कागदपत्रं पूर्ण असलेलं.

कागदपत्रांवर मी एवढा जोर का देतो ते सांगतो. ही माझी स्वतःची गोष्ट आहे.

मी एक ओ-३२० घेतलं होतं, दुसऱ्या प्रांतातल्या एका जाहिरातीवरून. ओव्हरहॉलनंतर ९०० तास, म्हणजे २,००० पैकी निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक. किंमत चांगली. विकणारे गृहस्थ सरळ होते. त्यांनी लॉगबुक पाठवलं, मी ते वाचलं, तासांची बेरीज केली आणि खूश झालो. शेवटच्या नोंदीची तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. ती मी पाहिली. तिचा अर्थ मला कळला नाही.

अर्थ असा. लायकमिंगचा कॅमशाफ्ट इंजिनाच्या वरच्या भागात असतो. इंजिन उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू खाली उतरतं आणि तो उघडा पडतो. न तापवलेल्या हँगरमध्ये आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दिवसा ऊन आणि रात्री गोठण, लोखंडाला आतून घाम फुटतो. अकरा वसंत. इंजिन उघडलं तेव्हा कॅमच्या उंचवट्यांवर गंजाचे खड्डे होते, बोटाला लागतील असे. तसंच चालवलं असतं तर कठीण थर सोलून निघाला असता आणि लोखंडाची चुरी तेलात फिरली असती. आणि कॅम बदलायचा तर इंजिनाचं पोट दुभागावं लागतं. एकदा दुभागलं की बेअरिंग, सील, सगळंच नवं. बिल जवळजवळ इंजिनाच्या किमतीएवढं झालं. त्या वर्षीची भारतवारी रद्द झाली. आईला फोनवर कारण सांगताना मला 'कॅमशाफ्ट'ला मराठी शब्द सुचला नाही. ती म्हणाली, "असू दे, पुढच्या वर्षी ये." पुढच्या वर्षी गेलो, भेट झाली, पण ते वर्ष गेलं ते गेलंच.

तर वापरलेलं इंजिन बघायला जाल तेव्हा तासांच्या आधी तारखा बघा. ओव्हरहॉल कधी झालं, कुणी केलं, त्यानंतर दर वर्षी किती उडालं. दर वर्षी पन्नास तास उडालेलं १,२०० तासांचं इंजिन, दहा वर्षं झोपलेल्या ३०० तासांच्या इंजिनापेक्षा मी आधी घेईन. पंखा कधी जमिनीला लागलाय का हे स्पष्ट विचारा. लागला असेल तर क्रँकशाफ्ट तपासल्याचा कागद हवाच, लायकमिंग अशा वेळी इंजिन पूर्ण उघडायला सांगतं. सिलिंडरांची हवा धरण्याची चाचणी समोर करून घ्या, ८० च्या दाबाला सत्तरीच्या वर धरलं तर छान. सिलिंडरात दुर्बिणीचा कॅमेरा घाला. तेलाचा फिल्टर कापून, कागद उलगडून उन्हात धरा. त्यात चमकणारी कचकच दिसली तर चहा पिऊन निघा. हे तुम्हाला स्वतःला येत नसेल तर विमानाच्या परवानाधारक मेकॅनिकला दिवसाचे पैसे देऊन सोबत न्या. मी ते चार-पाचशे डॉलर वाचवले होते.

इंजिन शोधायचं कुठे? किजिजी शेवटी बघा. आधी जवळच्या छोट्या विमानतळावर शनिवारी सकाळी जा. घरी विमान बांधणाऱ्यांच्या आरएए कॅनडाच्या शाखा गावोगावी आहेत, वैमानिकांची कोपा ही संघटना आहे. तिथले आजोबा वयाचे लोक बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि कोणाच्या हँगरमध्ये कोणतं इंजिन किती वर्षं पडलंय हे त्यांना पाठ असतं. आपली माणसं तिथे कमी दिसतात, थोडा संकोच वाटतो. एकदा सोबत चकल्या घेऊन जा, संकोच दोन्ही बाजूंचा जातो. आणखी एक जागा म्हणजे अर्धवट सोडलेली विमानं. कुणी बांधता बांधता थकतं, कुणाची तब्येत बिघडते, आणि घरचे लोक इंजिन, पंखा, चौकट सगळं एकत्र विकतात. एकमेकांना जुळलेले भाग एकदम मिळणं ही खरी बचत.

अमेरिकेत पूर्वापार एक नियम आहे, त्यातून सरकार इंजिनांकडे कसं बघतं ते कळतं. घरी बांधलेल्या विमानाला प्रमाणित इंजिन आणि त्याला जुळणारा प्रमाणित पंखा असेल तर पहिले २५ तास परीक्षेचे. दुसरं काही लावलं तर ४०. आपल्याकडेही पहिले तास एकट्याने, ठरलेल्या भागातच उडायचं असतं. माझा सल्ला, वहिनी: सरकार काही म्हणो, मोटारीचं इंजिन असेल तर त्या परीक्षेचे तास तुम्ही घरी स्वतःहून वाढवून घ्या. आणि विमा कंपनीला इंजिन घेण्याआधी फोन करा, नंतर नाही. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, आणि इंजिन कोणतं हा प्रश्न ते विचारतातच.

थंडीबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय कॅनडातला भाग पुरा होणार नाही. पहिली सगळ्यांना माहीत असते: उणे दहा-बाराच्या खाली इंजिन आधी तापवून घ्यायचं, नुसतं तेल नाही, सगळं इंजिन. दुसरी नवख्याला कुणी सांगत नाही. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर जायला एक नळी असते. तिचं तोंड बाहेर वाऱ्यात असतं. उणे वीस-पंचवीसला त्या वाफेतलं पाणी तोंडाशी गोठतं आणि नळी बुजते. आत दाब वाढत जातो, आणि शेवटी पंख्यामागचं सील बाहेर फेकलं जातं. मग तेल काचेवर येतं आणि थोड्या वेळात इंजिन कोरडं. यावर उपाय फुकट आहे. नळीला इंजिनाच्या झाकणाच्या आत, उबेत, एक छोटं भोक किंवा चीर ठेवायची. बाहेरचं तोंड गोठलं तरी वाफ तिथून निघते. घरी बनवलेल्या विमानात ही चीर कुणी पाडली आहे का, हे तुम्ही हातात टॉर्च घेऊन बघू शकता.

आता त्या ८०० डॉलरच्या सुबारूचं. पत्रात तुम्ही लिहिलंय की विमान झेनएअरच्या सीएच-७०१ जातीचं आहे. म्हणजे आपल्या ऑन्टारिओतल्या मिडलंडचं, क्रिस हाइन्झ यांच्या आराखड्याचं. हे विमान हलक्या इंजिनासाठी आखलेलं आहे, रोटॅक्स ५८२ आणि ९१२ अशा वजनाच्या. जाहिरातीतलं इंजिन २.२ लिटरचं आहे. गिअर, रेडिएटर, पाणी धरून ते ९१२ पेक्षा कितीतरी जड होईल. नाक जड झालं की तोल बिघडतो, शेपटीला ते पेलावं लागतं, आणि तोल सावरायला मागे वजन टाकलं की दोघांनी बसायला वजनच उरत नाही. म्हणजे विमान उडेल कदाचित, पण तुमची खुर्ची रिकामी राहील.

यजमानांना सांगा, ते इंजिन घेऊ नका. आराखडा ज्या इंजिनाभोवती केलाय तेच, म्हणजे वापरलेलं ८० अश्वशक्तीचं ९१२ शोधा, लॉगबुकासकट, आणि तारखा आधी वाचा. मिळायला वर्ष लागेल, लागू दे. रोटॅक्सवाले २,००० तासांबरोबर १५ वर्षांचीही मर्यादा सांगतात, तेव्हा इंजिनाच्या जन्माचं साल विचारा. आणि लॉगबुकाच्या पानांचे फोटो आले की मला पाठवा. मी बघेन. एकदा चुकलोय, आता डोळे तारखांवरच जातात.

गॅरेज रिकामं होईल तेव्हा कळवा. पुढच्या रविवारी याच वेळी भेटू. नमस्कार.